सुभेदारांसाठी दोन खिडक्या

आमच्या घराला खिडकी नव्हती आणि तीन पिढ्यांत कुणाचं तिच्यावाचून अडलंही नव्हतं. आमच्या टाकवे गावातली घरं पावसाला भिऊन बांधलेली. समोर मातीची जाड भिंत आणि तिच्या मधोमध एक बुटकं दार. पाटील असो की पोस्टमन, आत शिरताना घराला वाकून नमस्कार करावाच लागे. त्याच दारातून आम्ही जायचो आणि आमची म्हैस चंद्रीही जायची. आत गेल्यावर ती डावीकडे वळे, आम्ही उजवीकडे. (पाहुणे कधीकधी चुकत.)

मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. सुट्टीला तुंगार्लीकडे फिरायला जायचं आणि शेटलोकांचे बंगले बघत उभं राहायचं, हा माझा छंद. गुलाबी भिंती, हिरव्या खिडक्या, खिडकीत फुलांच्या कुंड्या! ते बघून घरी आलो, की आमचं घर मला पालथ्या घातलेल्या पाटीसारखं दिसे. पण बोलायची सोय नव्हती. वडिलांपुढे, म्हणजे आबांपुढे 'बंगला' शब्द काढला, की ते म्हणत, "जा मंग तितं ऱ्हायाला. शेट म्हस बांधू देतोय का इचार आदी."

अशात माझं लग्न निघालं. इंदुरीचं स्थळ होतं, मुलीचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. मामा आणि मी मुलगी बघायला गेलो. बाहेर चपला काढायच्या जागी माझे लोणावळ्याचे नवे बूट! एक निघाला, दुसरा काही केल्या निघेना. शेवटी तसाच एका पायात बूट घालून मी जाजमावर बसलो. मुलगी, हौसा, गूळपाणी घेऊन आली. तिनं बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. झालं! मी तिथंच खलास. करीन तर हिच्याशीच, नाहीतर मालधक्क्यावर म्हातारा होईन, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "घरदार कसं हाय?"

यावर गप्प बसेल तो आमचा मामा कसला! "घर? अवो, बंगलाच की! तुंगार्लीला हाईत तसला. भित गुलाबी, खिडक्या हिरव्या!"

"आस्सं? मग पावसाच्या आदी बघाया येतो. खूण काय?"

मामा जरा अडखळला. मग म्हणाला, "कपाळावर चांदणी असल्याली म्हस दारात दिसली, की आमचंच घर समजा."

परतताना मी मामाच्या अंगावर ओरडलो, "मामा, अहो गुलाबी भिंत आणायची कुठनं?"

"तू रेल्वेत हाईस का मी?" मामा शांतपणे म्हणाला. (मामाच्या मते रेल्वे सगळं आणू शकत असे.)

मी लोणावळ्याच्या इस्माईलभाई रंगाऱ्याला घेऊन आलो. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्याचा हात बसलेला. त्यानं भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "गुलाबी करून देतो. पन खिडक्या कुटं हाईत?"

"पाडायच्या," मी म्हणालो.

आबा आतून कडाडले, "भितीला भोकं? मग आखाडात पानी आत आलं, तर तुजा सुभेदार भोकात बसनार हाय व्हय?"

आबांनी कुदळच लपवून ठेवली. मी कपाळाला हात लावून बसलो. इस्माईलभाईनं मात्र डोळे बारीक केले. "अरे, मी स्टेजवर आख्खा राजवाडा उभा केलाय, दोन खिडक्यांचं काय घेऊन बसलास? भोक नको, खिडकी मिळंल."

आणि त्यानं खिडक्या रंगवल्या! अहाहा, काय खिडक्या होत्या! अर्धवट उघडी हिरवी दारं, आत वाऱ्यानं फुगलेला पडदा, खाली कुंडी, कुंडीत लालभडक गुलाब. बाकीची भिंत गुलाबी... छे, गुलाबी म्हणणंही कमीच, पिकलेल्या पेरूच्या गरासारखी. दारालासुद्धा असा हिरवा रंग दिला, की त्यात तोंड दिसावं. इस्माईलभाई खुशीत येऊन म्हणाला, "एका खिडकीत झुकून बघनारी बाई काढू का?"

"खबरदार!" आई शेणाचा हात घेऊन धावली. "माज्या घरात दुसरी बाई नकं!"

गाव बघायला लोटलं. कुणाच्या तरी शेळीनं कुंडीतला गुलाब खायला तोंड घातलं आणि जीभ लालभडक करून परतली. शेजारच्या धोंडिबाभाऊंची बायको, पारूमावशी, रोज आईला भिंतीआडून हाक मारायची. ती आता खिडकीशी जाऊन पडद्यात हाक मारू लागली. मला धन्य धन्य वाटलं. एकाच ठिकाणी माशी शिंकली. संध्याकाळी चंद्री चरून आली, हिरव्या चकचकीत दारापुढे थबकली, फुस्स केलं आणि उलट फिरली. आबांनी ओढलं, आईनं पेंडीचं घमेलं दाखवलं, मी मागून ढकललं. पण नाही म्हणजे नाही! ती सरळ धोंडिबाभाऊंच्या दारात जाऊन बसली. त्यांचं घर अगदी आमच्या आधीच्या घरासारखं होतं ना!

"राहू दे माज्याकडं," धोंडिबाभाऊ उदार होऊन म्हणाले. (दूधही तेच काढणार होते.) मग हळूच आईला म्हणाले, "पन वयनी, जपून ऱ्हावा हां. असलं झ्याक घर सरकारच्या डोळ्यात भरतंय. सायेब आला, की घरपट्टी वाढवून जातोय."

झालं! आईनं त्याची अशी धास्ती घेतली, की टोपीवाला दिसला तरी ती दार लावून घेई.

इकडे आबा घाईला आले होते. आमच्याकडे रोहिणी लागल्या, की घराच्या भिंतींना भाताच्या पेंढ्याच्या ताट्या बांधतात. पावसाचे झोत मातीवर बसू नयेत म्हणून घराला चार महिन्यांची घोंगडीच म्हणा ना. धोंडिबाभाऊंचं घर नटूनथटून पेंढ्यात बसलेलं. आमच्याही तिन्ही बाजू झाल्या. आबा चौथी बाजू घ्यायला आले, तसा मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"आबा, पाया पडतो! सुभेदार येऊन जाऊ देत. मग बांधा काय बांधायचं ते!"

"आभाळ तुज्या सासऱ्याला इचारून येनार हाय का?" आबा म्हणाले, पण हातातली ताटी खाली ठेवली. माझ्या तोंडावरची कळा त्यांना दिसली असावी. आबा तोंडाचे फटकळ, पण माझ्यावर त्यांचा जीव होता.

सुभेदार तिसऱ्या प्रहरी येणार होते, मामा त्यांना वाटेत गाठून आणणार होता. पण पलटणीतला माणूस! शत्रू बेसावध असतानाच गाठायचा, ही त्यांची शिस्त. ते सकाळीच गाडी जुंपून आले. आबा रानात पेंढा आणायला गेलेले. मी आत बूट घालण्याची तालीम करत बसलेलो. बाहेर फक्त आई, अंगण सारवत. तिनं सुभेदारांना कधी पाहिलेलंच नव्हतं. तिला दिसला तो खाकी कोट, काठी आणि मिशा.

"बाई, हे घर कुणाचं?" सुभेदारांनी विचारलं.

आईला वाटलं, आला पट्टीवाला! "ठावं न्हाई," ती म्हणाली.

"तुमी हितंच सारवताय न्हवं?"

"सारवतीय, पन घर आमचं न्हाई. आमी गरीब मानसं, बाबा. असल्या घरात आमी कशाला ऱ्हाऊ?"

सुभेदारांनी दारात म्हैस शोधली. नव्हती. "सरकारी बंगला दिसतोय," असं पुटपुटत ते पुढे गेले. आणि शेजारी भिंती पेंढ्याआड झाकलेल्या, पण दारात चंद्री निवांत रवंथ करत बसलेली, कपाळावर पांढरी शुभ्र चांदणी!

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी आत डावा बूट ओढत होतो, तेवढ्यात पारूमावशी लगबगीनं आली. "अगं, त्या नव्या कपबश्या दी की जरा. आमच्या म्हादूला बघाया पावनं आल्यात!" आईनं उदार मनानं काढून दिल्या. त्या कपबश्या मी सुभेदारांसाठी खास लोणावळ्याहून आणल्या होत्या!

"आई! त्या का दिल्यास?"

"अरं, शेजाऱ्याचं शुभकार्य! म्हादूचं नशीब काडलं बग. अवचित स्थळ चालून आलं. पलटणीतला मानूस हाय म्हनं, मिशा तर अशा..."

मी पुढचं ऐकलंच नाही. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, असा धूम पळत सुटलो.

धोंडिबाभाऊंच्या ओटीवर सुभेदार बसलेले, हातात माझी कपबशी, कपात माझ्याच म्हशीच्या दुधाचा चहा! समोर म्हादू नवी टोपी घालून, खाली मान घालून लाजतोय. आणि सुभेदार म्हणताहेत, "घर पसंत हाय बरं का! पावसाची तयारी चोख. म्हस बी गुणाची."

"सुभेदार!" मी किंचाळलो. "हा मी नाही! म्हणजे मी तो! म्हणजे ही म्हैस माझी!"

सुभेदारांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओळख पटेना. मग पायाकडे पाहिलं. एकच बूट! लगेच पटली. "अरे, तुमी! मग हे कोन?"

धोंडिबाभाऊ टोपी खाजवत म्हणाले, "मला वाटलं, देव देतोय तर आपुन न्हाई कशाला म्हना?"

मी सुभेदारांना आमच्या घरापुढे आणलं. आई पदर तोंडात धरून उभी. सुभेदार ऐटीत खिडकीशी गेले, आत कसं काय आहे बघावं म्हणून डोकं घातलं आणि थप्प! फेटा मागे सरकला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. फेट्यावर हिरवा पट्टा आणि मिशीच्या टोकाला गुलाब.

"ह्यातनं उजेड येतो का?" त्यांनी सावकाश विचारलं.

"नाही."

"वारा?"

"तोही नाही."

"मग खिडकी कशाला?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. गेली हौसा म्हादूच्या घरी, आणि मी जन्मभर भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकत बसणार!

तेवढ्यात आबा पेंढ्याचा भारा घेऊन आले. त्यांनी एका नजरेत सगळं ताडलं. "सुभेदार, पोराचं खूळ हाय. मनानं वंगाळ न्हाई. म्या आत्ता झाकून टाकतो."

सुभेदारांनी कोट काढून माझ्या हातात दिला. "तुमी एकटं कशाला? धरा तिकडनं." आणि दोघे म्हातारे कामाला लागले! सुभेदार ताटी उभी करत, आबा सुंभ आवळत. गुलाबी भिंत गेली, पडदे गेले, गुलाब गेले. दारावरसुद्धा पेंढ्याचा पदर आला. माझं सगळं वैभव पेंढ्याआड गेलं आणि घर पुन्हा पालथी पाटी झालं.

पलीकडे चंद्रीनं मान वर केली. उठली. डुलत डुलत आली, पेंढा हुंगला, एक घास ओढून खाल्ला आणि वाकून दारातून आत गेली. डावीकडे वळलीसुद्धा!

सुभेदार हात झटकत म्हणाले, "म्हस गेली घरात. आता पोरगी द्यायाला आमची ना न्हाई."

माघात लग्न झालं. तोवर पेंढा निघाला होता आणि खिडक्या पुन्हा उघड्या... म्हणजे बंदच, पण दिसू लागल्या होत्या. माप ओलांडायच्या आधी हौसानं पडद्यावर बोट फिरवून पाहिलं आणि तशीच खुदकन हसली. संसार छान झाला. भरल्या गोकुळासारखं घर झालं, काही म्हणजे काही कमी पडलं नाही. फक्त मी कधी ऐटीत यायला लागलो, की ती चुलीपुढून शांतपणे म्हणते, "बाबांनी घर बघितलं, म्हस बघितली, ताट्या तर सोता बांधल्या. नवरा बघायचा तेवढा राहूनच गेला!"