बाजारातल्या जागेचा ठराव

माझी बायको ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा पोस्टरवरच्या तिच्या नावातून माझं नाव गाळलं होतं. आपल्याकडे बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव असं लिहितात. तिचं नाव कुठल्याही मराठी घरात शोभेल असं. आडनावही विदर्भात गावोगाव सापडेल. माझं नाव मात्र आजोबांनी पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, शोधून ठेवलेलं; ते ऐकलं की आम्ही ख्रिस्ती आहोत हे लगेच कळतं.

पोस्टर छापायला टाकण्याआधी पॅनेलप्रमुख घरी आले. चहा झाला तरी त्यांचं बोलणं काही मुद्द्यावर येईना.

"भाऊ, वाईट नका मानू," शेवटी ते म्हणाले. "ताईचं नाव एकदम बरोबर आहे. आडनावबी आपलंच वाटते. फक्त मधलं जरा..."

"गाळा," मी म्हणालो.

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो, कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि जवळच्या या गावात घर बांधलं, तेव्हा विहिरीपासून मीटरपर्यंत प्रत्येक कामात त्यांनीच मदत केली होती. बायकोची सगळी नोकरी शहरात, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून गेली. निवृत्तीनंतर गावातल्या कोणाला इंजेक्शन द्यायचं असो, जखम बांधायची असो, लोक तिच्याकडेच यायचे. वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव झाली आणि पॅनेलला तिचंच नाव सुचलं.

प्रचाराचा नारळ मंदिरासमोर फुटणार होता. तिनं आधीच सांगून टाकलं, "मी येते. चप्पल काढून उभी राहते. पण नारळ तुम्ही फोडा. माझ्याच्यानं खोटी पूजा होणार नाही, अन् तुमच्या देवाचा अपमानही होणार नाही."

प्रमुखांनी ते मान्य केलं. नारळ त्यांनी फोडला, ती बाजूला हात जोडून उभी राहिली. पुढे घरोघरी बायकांनी तिला ओवाळलं, कुंकू लावलं. कोणी मायेनं हात कपाळाकडे आणला तर मान मागे घ्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण कोणीतरी फोटो काढला आणि तो मोबाइलवरून शहरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चपर्यंत पोचला. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, आम्हाला बाजूला बोलावलं.

"मतांसाठी किती खाली उतरायचं, बाई?"

"पाळकसाहेब, मी वाकले नाही. त्यांनी मला आपलं मानलं, एवढंच झालं."

"लोकांना फोटो दिसतो. तुमचं मन दिसत नाही."

त्यानंतर मुलांचा रविवारचा वर्ग तिच्याकडून काढून दुसऱ्या बाईंना दिला. अनेक वर्षं ती तो घेत होती. घरी परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

ती निवडून आली, तेही चांगल्या मतांनी. मतदान यंत्रावर तिचं पूर्ण नाव होतं, माझं नावही त्यात होतं, तरी लोकांनी बटण दाबलं. गुलाल उधळला गेला त्या दुपारी मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. लोक नावापलीकडे बघतात.

काही महिन्यांनी, मासिक सभेच्या आदल्या संध्याकाळी प्रमुख पुन्हा आले.

"ताई, उद्या एक ठराव आहे. आठवडी बाजारात फक्त गावच्या रहिवाशायलेच जागा द्यायची."

"मग भाजीवाले? ते तर सगळे बाहेरूनच येतात."

"त्यायचं काही नाही."

"मग कोणाचं आहे?"

ते कपात बघत राहिले. मग म्हणाले, "ते बांगडीवाली. अन् तिच्या बाजूले बसनारे दोन-चार जन. पोट्टे लय मागं लागले आहेत, ताई. मीबी किती थांबवू?"

बांगडीवाली कामठीहून यायची. मुसलमान. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला होता. हात असा दाबून मऊ करायची की बांगडी कधी सरकली तेही कळायचं नाही.

"तुमच्या लोकायचा तर काही प्रश्नच नाही," उठता उठता प्रमुख म्हणाले. "ते मी सगळ्यायले आधीच सांगून ठेवलं आहे."

त्या वाक्यानं मला हायसं वाटलं. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "आपल्याले काय करायचं आहे वं त्याच्यात? गप्प बस. आपल्याबद्दल तर ते चांगलंच बोलून राहिले."

"आज आपला प्रश्न नाही, हे त्यांनी ठरवलं," ती भांडी विसळत म्हणाली. "उद्या आहे असंही तेच ठरवतील."

"पण एकटीनं हात वर करून काय होईल?"

तिनं नळ बंद केला. "देवानं स्वतः कोणावर बळजबरी केली नाही हो. नाही म्हणायची मोकळीक माणसाला दिली. मी चर्चमध्ये बसून त्याचं गाणं म्हणायचं, अन् पंचायतीत बसून, ती बाई वेगळी प्रार्थना करते म्हणून तिला बाजारातून उठवायचं? मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशीची सभा मी पाहिली नाही. तिनं घरी येऊन सांगितली. ठराव वाचला गेला. तिनं भाजीवाल्यांचं विचारलं, उत्तर कोणी दिलं नाही. एक तरुण सदस्य हसून म्हणाला, "मॅडम, तुमचे लोक तर सेफ आहेत ना? मंग काहून एवढं लावून घेता?" हात वर झाले. विरोधात कोण, असं विचारल्यावर तिचा एकटीचा हात वर गेला. ग्रामसेवकानं विचारलं, "नोंदवू का?" ती म्हणाली, "नोंदवा." ठराव मंजूर झाला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कोणीतरी मला म्हणालं, "दुसऱ्याचं भांडण अंगावर कशाला घेतलं? आपण मोजके लोक." याच माणसानं कुंकवाच्या फोटोवरून सगळ्यात जास्त बोट दाखवलं होतं. पण त्याची भीती मला परकी नव्हती.

गावात कोणी भांडलं नाही. इंजेक्शनला येणारे मात्र कमी झाले. पॅनेलप्रमुख रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, पण तिला ताई म्हणणं त्यांनी सोडलं. तेही मॅडम म्हणू लागले. बांगडीवालीच्या जागेवर मोबाइलच्या कव्हरांची हातगाडी उभी राहू लागली.

आम्ही दोघं मिळून एकदा कामठीला गेलो. विचारत विचारत बांगडीवालीचं घर सापडलं. तिनं पाणी दिलं आणि पेटी उघडून बायकोचे हात हातात घेतले.

"तुम्ही बोलल्या, ते मले समजलं," बांगड्या भरता भरता ती म्हणाली. "पन बाई, बुरा मत मानना, नसत्या बोलल्या तर बरं झालं असतं. तुमचे प्रमुख बोलले होते मले, ठराव झाला तरी काही हप्ते मागच्या बाजूले बस म्हणून. झाडाखाली. कोनी पाहत नाही तिथं. तुम्ही हात वर केला, मंग माझंच नाव साऱ्या गावात झालं. आता मागंबी बसू देत नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. बायकोचे हात तिच्या हातातच होते, म्हणून बायकोला आपले डोळे पुसता आले नाहीत. बांगडीवालीनं ते पाहिलं आणि आपल्याच ओढणीच्या टोकानं तिचे डोळे पुसले.

परतताना बसथांब्यावर बायको म्हणाली, "मी तिला विचारायलाही गेले नाही. तिला काय पाहिजे ते मीच ठरवलं." मग बसच्या वाटेकडे बघत म्हणाली, "पण विचारलं असतं अन् ती गप्प बसा म्हणाली असती, तर मी बसले असते का? झाडाखाली लपून बसायला लागणं, हेही बरोबर नव्हतं ना?" बस भरलेली आली. आम्ही उभ्यानंच घरी आलो.

पुढच्या मासिक सभेला ती नेहमीसारखी तयार होऊन गेली. मी अंगणात बसून होतो. ती परतली, चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायली.

"काय झालं आज?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळे ठराव एकमतानं झाले."