मानेवरचा गुंता

आईचे केस कुरळे होते. माझेही तसेच. दर रविवारी ती मला पुढ्यात घेऊन बसायची आणि तेल चोपडून लाकडी फणीनं एकेक बट सोडवायची. मी रडले की म्हणायची, "थोडंसं सहन कर वं. आज तसंच ठेवलं तं उद्या दुप्पट गुतते."

मी सात वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती आणि त्या महिन्यात तिचे केस कोणी विंचरले नाहीत. ताप उतरला तेव्हा मानेवर मुठीएवढा घट्ट गोळा झाला होता. आमच्या घरी बाबांची मोठी बहीण राहायची, विधवा होती, आणि घरात तिचाच शब्द चाले. आत्यानं त्या गोळ्याला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि म्हणाली, "देवी आली. आता याले कोणी कैची लावायची नाही."

बाबा हातमागावर बसले होते. माग क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नागपुरातल्या आमच्या गल्लीतल्या बायका मंगळवारी हळदकुंकू घेऊन यायला लागल्या. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना नकला करून शेजारणींना हसवणारी माझी आई आता पाटावर गप्प बसून राहायची आणि बायका तिच्या पाया पडायच्या. जट वाढत कमरेपर्यंत आली. पावसाळ्यात ती वाळायची नाही, तिला ओल्या पोत्यासारखा वास यायचा. आईला एकाच कुशीवर झोपता येई. तिची मान नेहमी जराशी मागे ओढल्यासारखी दिसायची.

एका दुपारी आत्या इतवारीच्या बाजारात गेली होती, बाबा सूत आणायला. आईनं मला जवळ बोलावलं.

"मागापाशी कैची आहे पाय. आणून दे मले."

कशाला ते मला कळलं. मी दहा वर्षांची होते. जट कापली तर घरातलं कोणीतरी मरतं, हे आत्यानं मला कितीदा सांगितलं होतं. मी हो म्हटलं, बाहेर गेले आणि सरकारी नळाच्या ओट्यावर आत्या येईपर्यंत बसून राहिले. ती आल्याबरोबर तिला सगळं सांगितलं. आत्या कोणावर ओरडली नाही. तिनं कैची पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "जेवली का तू?"

तिनं मला पुन्हा कैची मागितली नाही. पुढच्या पावसाळ्यात जटेखाली जखम झाली, पू झाला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, आधी हे कापा. आत्या दारात आडवी उभी राहिली. चौथ्या दिवशी आई गेली.

त्यानंतर मी स्वतःचे केस इतके ओढून विंचरायची की कपाळावरची कातडी दुखायची. शाळेत, पुढे टायपिंग क्लासात, माझा हात सारखा मानेवर जायचा. आणि तरीही विसाव्या वर्षी ते झालंच. थंडीत मी कावीळ होऊन पडले होते, पंधरा-वीस दिवस अंबाडा सोडलाच नव्हता. बरी झाल्यावर उन्हात केस सोडायला बसले तर बोटं आत जाईनात. मागून आत्या आली. तिनं गाठ चाचपली, आत गेली आणि कुंकवाची डबी घेऊन आली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"मायची जागा चालवशील तू."

तिनं त्या गाठीला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलनं धरमपेठेत गेले. तिथे एका घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर उघडलं होतं. चालवणारी बाई पन्नाशीची होती, हिंदी बोलायची. गाठीवरचं कुंकू तिनं पाहिलं, पण काही विचारलं नाही. खोबरेल तेल ओतून, कंगव्याच्या टोकानं, एकेक केस ओढत तिनं दीड तासात ती गाठ सोडवली. फरशीवर मूठभर केस पडले. मी म्हटलं, "अब सीधे कर दो. हमेशा के लिए."

ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. "हमेशा का मतलब पहले समझ लो, बेटा."

मग तिनं समजावून सांगितलं. केसाच्या आत जोड असतात, त्यांच्यामुळे तो वळतो किंवा सरळ राहतो. औषधानं ते जोड सुटतात. केस सैल असतानाच विंचरून सरळ धरायचा, मग दुसऱ्या औषधानं जोड पुन्हा पक्के करायचे. एवढा केस सरळ झाला तो झाला. पण मुळातून नवा येईल तो कुरळाच येणार, आणि जुना-नवा जिथं मिळतात तिथं तुटणार. गुंता व्हायचा तर सरळ केसांतही होतो, विंचरले नाहीत तर. शेवटी तिनं मान वाकवायला सांगितली. "यहाँ घाव तो नहीं? घाव होगा तो मैं नहीं करूँगी."

तिची बोटं मानेवर फिरत होती आणि मला रडू फुटलं. ती थांबली. मी रडून होईपर्यंत तिनं नुसता हात ठेवला.

त्या दिवशी तिनं फक्त एक बट कापून वाटीत औषध लावून पाहिली आणि आठ दिवसांनी ये म्हणाली. आठ दिवसांनी गेले तेव्हा खोलीभर नवसागराचा आणि सडक्या अंड्याचा वास भरला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ती बारीक कंगवा फिरवत होती, वर-खाली, वर-खाली. धुऊन, वाळवून तिनं आरसा धरला. माझ्या चेहऱ्याभोवती कोणा परक्या बाईचे केस लोंबत होते. तीन दिवस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, असं बजावून तिनं मला सोडलं.

मोकळ्या केसांनी घरी गेले. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि सूप उपडं केलं.

"देवीले लाथाडून आली तू! या घरात आता कोण जाईल ते पाय!"

बाबांनी ऐकलं. ते मागावरून उठून आले आणि मला अंगणात घेऊन गेले. त्यांनी चिमटीत माझी एक बट धरली, सूत तपासावं तशी.

"पीळ काढला तं सूत कमजोर होते, बाई," ते म्हणाले. "काहून केलं हे?"

दहा वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा बोलले. "बाबा, आईनं मले कैची मागितली होती. मी दिली नाही. आत्याले सांगून दिलं."

बाबा खाली बसले.

"मलेही मागितली होती," ते म्हणाले. "दोनदा. तू तं लेकरू होती वं. मी काय होतो?"

आतून आत्याचं बोलणं चालूच होतं. बाबा उठून आत गेले, पडलेले तांदूळ भरले आणि पहिल्यांदाच मोठ्या बहिणीला म्हणाले, "बस झालं."

घरातून कोणी गेलं नाही. आत्या पुढे सहा वर्षं जगली, पण माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही. तिच्या देवघरात आईच्या नावानं ठेवलेली, कुंकू लावलेली सुपारी होती, तिला ती रोज नमस्कार करायची. मला वाटतं, तिनं खरंच मानलं होतं सगळं. मानलं नसतं तर तिला जगता आलं नसतं.

पार्लरवालीनं सांगितलं तसंच झालं. तीन महिन्यांत भांगापाशी कुरळे केस डोकं वर काढायला लागले. पावसाळ्यात टोकं तुटायला लागली. मी चार वर्षं तिच्याकडे जात राहिले. ती फक्त नव्या मुळांना औषध लावायची, जुन्याला पुन्हा लावायला नाही म्हणायची. मग लग्न झालं, दिवस गेले, आणि अशा दिवसांत हे करायचं नाही म्हणून तिनं मला परत पाठवलं. केस वाढत गेले, वरून कुरळे, खालून सरळ. एक दिवस सरळ भाग मी कापून टाकला. पुन्हा गेले नाही.

मुलगी झाली. तिचे केस तिच्या वडिलांसारखे सरळ निघाले. सगळे म्हणाले, सुटली पोरगी. मीही म्हणाले. पण तिला न्हाऊ घालताना माझी बोटं त्या मऊ, सरळ केसांतून अडल्याशिवाय निसटायची आणि दर वेळी वाटायचं, इथं कुठंतरी आई असायला हवी होती.