उत्तरेची बारा फूट सावली

२२ डिसेंबर १९६३, रविवार, दुपारचे साडेबारा. रहिमतपूरच्या आमच्या घराची उत्तरेकडची सावली बारा फूट दोन इंच. हजर: मी, टेपचं दुसरं टोक धरलेली मुलगी शालन आणि हसायला बायको.

शालनला बघायला पाहुणे आले की याच सावलीत बसवायचे, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. (घरात पत्रा तापतो.) खुर्च्यांच्या जागी खुंट्याही ठोकल्या!

२४ मेला माधवनगरहून पाहुणे आले. मुलगा शाळामास्तर, वडील गिरणीत मुकादम. मुकादमांच्या डोक्यावर केस औषधालाही नाही! बरोबर साडेबाराला मी दोघांना खुंट्यांपाशी बसवलं. सावली मात्र आली नव्हती.

बायको आतून कुजबुजली, "आवं, तितं नगा बसवू! तितं मी दरसाल कुरडया वाळवते!"

"कुरडयांचं मला सांगू नकोस. मोजलंय मी!"

मुकादमांचं टक्कल तांब्याच्या घंगाळासारखं लाल झालं. त्यांनी खुर्ची भिंतीला नेऊन चिकटवली. तिथंही ऊनच!

"पावणं, सावली कवा यायची?"

"येईल. बारा फूट आहे."

"डिसेंबरात येतीया!" बायकोनं आतून तारीखही सांगून टाकली.

मास्तर घाम पुसत म्हणाले, "काका, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. आता तो आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलाय. सावली घरामागं दक्षिणेला पडली असेल."

माझा विश्वास बसेना. मी टेप घेऊन मागं धावलो. सावली होती! साडेनऊ इंच. मुकादमांचं एक पाऊलही तीत मावलं नसतं.

परत आलो तर अंगण रिकामं. स्थळ गेलं असं समजून मी टेप गुंडाळायला लागलो. तेवढ्यात गोठ्यातून हसणं ऐकू आलं. शालननं पोह्यांच्या ताटासकट सगळ्यांना म्हशीशेजारी, गवती छपराखाली नेऊन बसवलं होतं. मुकादमांच्या डोक्यावर ओला पंचा.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले, "लय हुशार. बापावर गेली न्हाई, हे झ्याक झालं!"

अखेर दिलं ते असं: व्याह्यांना मानाच्या फेट्याऐवजी एक छत्री (मागणी त्यांचीच), आणि बायकोला माझी टेप. लग्नाच्या मांडवाची जागा तिनंच ठरवली. टेप न उलगडता!