जमिनीला पाय न लावणारा धर्माजी

दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्यांत सुपारी उतरवणारे पाच-सहा गडी असतील. पण एकदा चढला की वाडी संपेपर्यंत जमिनीला पाय न लावणारा एकच, धर्माजी. पोफळीच्या शेंड्याशी पोचला की तो अंगाने झोका देई, झाड वाके, हात लांबवून तो पुढचं झाड धरी आणि तिकडे सरके. दर झाडावरून खाली उतरणाऱ्याला तो शिडीवाला म्हणे. त्या गड्यांतल्या चंदरला तर तोंडावर म्हणे. तीस वर्षं हेच चाललं. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही.

मग चक्रीवादळाने झाडं पाडून वाड्या विरळ केल्या. झाडांतलं अंतर वाढलं, धर्माजीची रीत तीच राहिली. गेल्या मार्गशीर्षात झोका अपुरा पडला. तो खोडावरून घसरत आला आणि शेवटी उजव्या तळहातावर आपटला.

माणगावच्या डॉक्टर मृणालीने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळगीत बोट दाबलं. तो कळवळला. एक्स-रेचा फोटो मात्र स्वच्छ आला. तरी तिने प्लास्टर घातलं. इथलं हाड लहान, नावेच्या आकाराचं. त्यातली चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, असं तिने बजावलं. धर्माजीने एवढंच ऐकलं की फोटोत काही नाही.

आठव्या दिवशी त्याच्या हक्काच्या वाडीत चंदर चढला. दर झाडावरून खाली उतरत, सावकाश. ते ऐकून धर्माजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने प्लास्टर बादलीत भिजवलं आणि कोयत्याने चिरलं. बायको तुळसा आडवी आली, तिला त्याने ढकललं. हाड शाबूत आहे, ती डॉक्टर पोरगी मला उगाच घरी बसवते आहे, असं म्हणाला. मग महिनाभर दातओठ खात चढला. दुसऱ्या फोटोला गेलाच नाही.

वैशाखात त्याला पाण्याचा तांब्या उचलवेना. तेव्हा तुळसाने त्याला माणगावला नेलं.

नवा फोटो डॉक्टरने उजेडावर धरला. हाड मधोमध तुटलेलं होतं. ह्या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं आणि मागे जातं. मध्येच मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडतो. तो मरत चालला होता. कमरेचं थोडं हाड काढून मध्ये भरायचं, स्क्रू घालायचा, एवढाच उपाय उरला होता.

“आन् मी चढणार?” धर्माजीने विचारलं.

“दुखणं कमी होईल. चढण्याचं वचन मी देणार नाही.”

“म्हंजे तुमाला जमत न्हाय.”

“प्लास्टर ठेवलं असतं तर बहुतेक हाड जुळलं असतं.”

फोटो तुमचा, खोटं तुमचं, असं बरंच तो बोलला. शेवटी तुळसाच म्हणाली, “बाई बोलल्या व्हत्या. मी ऐकलं. तुमी न्हाय ऐकलं.” तो ताडकन उठून बाहेर गेला. ती बसून राहिली, ऑपरेशनची तारीख घेतली आणि गावात एक फोन करून मगच बाहेर आली.

बसमध्ये चढताना त्याने दांडीला उजवा हात घातला. मनगटात कळ उठली, हात सुटला. मागचे लोक करवादले. तुळसा मागेच उभी होती, तिने हात पुढे केला नाही. तो डाव्या हाताने चढला. ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

म्हसळा मागे पडल्यावर त्याने तिच्या पाठीला विचारलं, “तारीख कंची?”

“सोमवार.”

“चंदरला कळता कामा न्हाय.”

“त्याचीच गाडी सांगितलीय,” ती वळलीसुद्धा नाही. “तुमच्यासाठी दुसरा कोण येतोय गावात?”

धर्माजीने शिवी हासडली. पुढची माणसं वळून बघू लागली. गाव जवळ आल्यावर त्याने विचारलं, सोमवारी कितीला निघायचं.