दाई की दाय?

गिरजाबाई मूळची भंडाऱ्याकडची, राहायला पोलाद कारखान्याजवळच्या मरोदा गावात. एकसष्ट साली रशियन इंजिनीअरांची आणि आपल्या कामगारांची लेकरं एकत्र सांभाळणाऱ्या बालवाडीत ती आया होती. छत्तीसगडी लेकरं आईला ‘दाई’ म्हणतात. रशियन लेकरंही मला तेच म्हणतात, असं ती साऱ्या मरोद्यात ऐटीत सांगायची.

मग आमच्या कारखान्याच्या शहाण्या साहेबांनी दिल्लीहून सल्लागार बोलावला. बिनशिकलेली आया ठेवायची की काढायची, हे म्हणे तो ठरवणार! माझं डोकंच फिरलं. मी तडक बालवाडीत जाऊन त्या सल्लागाराशेजारी उभा राहिलो.

तेवढ्यात छोटी रशियन ल्युदा ‘दाय, दाय!’ ओरडत गिरजाबाईच्या पदराला लोंबकळली. बाईनं तिच्या हातावर मुरमुऱ्याचा लाडू ठेवला.

सल्लागार हसला. “बाई, रशियन भाषेत दाय म्हणजे ‘दे’. ती तुम्हाला आई म्हणत नाही, लाडू मागते आहे.”

“मंग काय झालं, साहेब? आपलं लेकरू दाई म्हनून वरडते, ते का पाया पडाले? तेबी मांगूनच राहते!”

सल्लागारानं खिशातून पेन काढलं. मग त्यानं कागदावर ‘ठेवावी’ असं लिहिलं.

एवढ्यासाठी दिल्लीहून माणूस कशाला आणला, ते मला अजून कळलं नाही.