अर्ध्या सिनेमाचे पेटीभाऊ

पेटीभाऊंनी उभ्या आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता आणि तोही अर्धा. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या गावातल्या बायांना कितीतरी वर्षं हसवलं. पुरा पाहिला असता तर काय केलं असतं कोण जाणे. मला वाटतं, काहीच केलं नसतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नवी सून म्हणून वैनगंगेकाठच्या त्या गावात आले, तेव्हा पेटीभाऊ आमचे सख्खे शेजारी होते. धानाच्या चार बांध्या, एक म्हैस आणि मोडीत निघालेल्या एका नाटकमंडळीकडून आलेली पेटी, एवढा त्यांचा संसार. बायको कधीच वारली होती. घरात धाकटी बहीण यमुनाबाई. भाऊंचं बोलणं कमी आणि वाजवणं जास्त. कुणी गाण्याचा आग्रह केला की म्हणायचे, "माणसाचा गळा बसते, बाई. पेटीचा नाई बसत." आणि मग तास-तासभर दोन्ही चालवायचे.

मार्कंड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. गावातले पुरुष जायचे, बायांना कुणी नेत नसे. एका वर्षी भाऊ गेले. सिनेमा विनोदी होता. एक विसरभोळा माणूस मित्राच्या लग्नाला निघतो, चुकीच्या गाडीत बसतो आणि भलत्याच गावी उतरतो. तिथली मंडळी त्यालाच नवरदेव समजतात, मुंडावळ्या बांधतात, बोहल्यावर उभा करतात. अंतरपाट धरला आणि नेमकी तिथं फीत जळाली. तंबूवाल्यानं हात जोडले आणि सगळे घरी आले.

दुसऱ्या दिवशी बायांनी विहिरीवर भाऊंना गाठलं, सिनेमा सांगा म्हणून. भाऊ म्हणाले, "सांगाले मले येत नाई. वाजवून दाखवतो." दुपारची जेवणं आटोपल्यावर त्यांच्या ओसरीवर पंचवीसेक बाया जमल्या. नुसता भाता ओढून त्यांनी वाफ सोडली आणि आगगाडी निघाली. मुलीचा बाप खर्जात गुरगुरायचा, मामी वरच्या पट्टीत किंचाळायची आणि नवरदेवाची पाळी आली की सूर मुद्दाम अडखळायचे. आमच्या सासूबाई, ज्यांना मी तोवर दात दाखवताना पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

अंतरपाटापुढचं भाऊंनी पदरचं रचलं होतं. नवरदेव अंतरपाटाखालून निसटतो, जोडे हातात घेऊन पळत सुटतो. पेटी पळाली, बाया लोटपोट झाल्या. मी सहज दाराकडे पाहिलं. यमुनाबाई चौकटीशी उभ्या होत्या. त्या आत वळल्या आणि दार लागलं. भाऊंचं बोट एका पट्टीवर तसंच राहिलं आणि तो एकच सूर कितीतरी वेळ वाजत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला सांगितलं. यमुनाबाईंचं लग्न असंच अंतरपाटाशी मोडलेलं. मानपानावरून व्याही रुसले आणि वरात मांडवातून परत गेली. अंगाला हळद लागली, पण अक्षता पडल्या नाहीत. अशा बाईला पुन्हा स्थळ आलं नाही आणि गावात कुणाच्या लग्नात तिच्या हाताला अक्षता लागू देत नसत. गावातल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं आणि तरी आम्ही सगळ्या हसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

दोन दिवस त्या घरातून पेटी ऐकू आली नाही. पुढे बायांनी पुन्हा सिनेमाचा लकडा लावला, तेव्हा भाऊंनी शेवट फिरवला. अंतरपाट सरतो, नवरदेव नवरीकडे बघतो आणि म्हणतो, "गाडी चुकली थे बरंच झालं." एवढं म्हणून भाऊंनी आत हाक मारली, "यमुने, अक्षता आण." यमुनाबाई हळदीत रंगवलेल्या तांदळाचं ताट घेऊन आल्या. कुणी हात पुढं करेना. शेवटी आमच्या सासूबाईच म्हणाल्या, "घ्या वो, शिनेमाच्या तं आहेत!" त्यानंतर दरवर्षी दुपारच्या त्या मैफलीत यमुनाबाई अक्षता वाटायच्या आणि आम्ही सगळ्या त्या पेटीवर उधळायचो. पेटीत तांदूळ अडकून सूर बिघडायचे. भाऊ ते काडीनं काढत बसायचे, पण तक्रार कधी केली नाही.

काही वर्षांनी तोच सिनेमा जत्रेत परत आला. आमच्या यजमानांनी मोठ्या मनानं मला नेलं. मी शेवटपर्यंत पाहिला आणि घरी आल्याबरोबर भाऊंकडे गेले.

"भाऊ, नवरदेव खराच पळून जातो."

"आन् नवरी?"

"ती परत दिसतच नाही."

भाऊंनी पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "विसरले असन शिनेमावाले तिले. मोठे लोक आहेत, त्याईले लय कामं असते." त्या वर्षीही त्यांनी आपलाच शेवट वाजवला.

मग माझ्या नणंदेचं लग्न निघालं. मी धीर करून सासूबाईंना म्हटलं, अक्षता वाटायला यमुनाबाईंना बोलवू या. त्या उसळल्याच. "शिनेमा वाटला का तुले हा? पोरीचं खरं लग्न आहे!"

"आत्याबाई, त्यांच्या हातच्या अक्षता तुम्ही इतकी वर्षं उधळल्या. वाईट झालं का कुणाचं?"

त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवेलागणीला म्हणाल्या, "जा, सांगून ये. काई झालं तं तुह्या माथी."

यमुनाबाई आल्या. बाया कुजबुजल्या. मांडवाच्या कोपऱ्यात भाऊ मान खाली घालून मंगलाष्टकांना साथ करत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. सगळ्यांना वाटून झाल्यावर यमुनाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, वाजवतच राह्यशील का? घे ना."

इतक्या वर्षांत पेटीभाऊंची पेटी मधेच थांबलेली मी ऐकली ती त्या दिवशी. त्यांनी मूठ भरून अक्षता घेतल्या आणि उधळल्या. चारचौघांत रडत होते आणि डोळेही पुसत नव्हते. नणंदेचा संसार, देवाच्या दयेनं, आजही उत्तम चालला आहे.

पुढच्या जत्रेनंतर बाया नेहमीसारख्या ओसरीवर जमल्या. यमुनाबाई आमच्यातच बसल्या होत्या. भाऊंनी पेटी काढली आणि एक भजन लावलं. सासूबाईंनी टोकलं, "हे काय? शिनेमा नाई का?"

भाऊ म्हणाले, "झाला ना बाई तो. मांगच्या साली तुमच्याच मांडवात पुरा झाला."