हुलगं आणि मिल्ट्रीचा डबा

सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं आणि आम्ही दोघं नवरा-बायको हुलगे निवडत बसलो होतो. मधे सूप. माझी नजर अधू झालेली, त्यामुळं माझ्या बाजूचं तिला परत निवडावं लागायचं.

"आवं, खडं सुपात ठिवताय आन हुलगं फेकताय. डोळं हायती का काय?"

"तुज्यावानी बारीक दिसत न्हाई मला."

"मग हात लावू नका. बसा नुसतं."

मी हात लावतच राहिलो. ती माझ्या बोटांखालून एकेक खडा काढत राहिली. सूप भरून निवडून झालं तेव्हा ती म्हणाली, "जरा पडते." दुपारपर्यंत ती गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला निघणार होतो. तिच्या पोटात गाठ होती. दिवाळीच्या सुमाराला तिथल्या डॉक्टरानं हात लावून बघितलं होतं आणि मला बाहेर घेऊन सांगितलं होतं, "गाठ काढता येईल. पण हाडं दिसतात हो तुमच्या बायकोची. या अंगावर सुरी चालवायला माझा हात धजत नाही. थोडं मांस येऊ द्या, मग आणा."

"काय घालू खायला?"

"मांस धरेल असं. अंडी, दूध, डाळी, कडधान्यं. पोटात टिकेल ते."

एवढंच काम होतं आम्हाला. तिच्या अंगावर मांस आणायचं. मी जन्मभर ऊस वाढवला, बैल पोसले, पण माणूस कसा पोसायचा ते मला ठाऊक नव्हतं. ते काम तिचं होतं. अंड्याला तिच्या गळ्यातली तुळशीची माळ आडवी आली. दुधाचा वास तिला आजारापासून सोसत नव्हता.

पोरगा तेव्हा नुकताच समुद्रापलीकडच्या लढाईवरून सुटून आला होता. त्यानं ट्रंकेतून पत्र्याचा एक मोठा डबा काढला. आत पांढरट पूड.

"ह्येच्यात प्रोटीन असतंय, आये. आमच्या दवाखान्यात जखमी जवानास्नी ह्येच पाजत्यात. पाण्यात चार चमचं ढवळलं की अर्ध्या बकऱ्याची ताकद."

"मग बकरं आरडत कसं न्हाई डब्यात?"

"आये, चेष्टा नको. पी."

तिनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "भितीला द्यायचा चुना हाय रं ह्यो. मला आपलं माडगं करून द्या."

माडगं म्हणजे हुलगे भाजून, दळून, ते पीठ ताकात लसूण-मीठ घालून पातळ शिजवायचं. ती आटपाडीकडची. तिकडं पाऊस रुसला तरी हुलगा येतो, आणि लोक त्याच्यावर उभे राहतात. आमचं गाव उंब्रजच्या बाजूचं, कृष्णेचं पाणी, ऊस. आमच्याकडं हुलगा बैलाला घालतात. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेराहून हुलग्याची एक पिशवी आणली होती. आमच्या आईला वाटलं, व्याह्यांनी बैलासाठी पाठवली. तिनं ती भिजवून गोठ्यात नेऊन ठेवली. नवी नवरी गोठ्यात गेली, बैलाच्या तोंडापुढची पाटी उचलली, धुतली आणि चुलीवर चढवली. घरात कुणी बोललं नाही. बैलानं तेवढं हंबरून घेतलं.

आता पोरगाही तेच म्हणाला, "बैलाचं खानं हाय ते. डॉक्टर हसंल."

"बैल काय मरतुकडं हायत व्हय आपलं?"

शेवटी ठरलं की सकाळी डबा आणि संध्याकाळी माडगं. पोरगा सकाळी रानात जाताना बजावून जायचा, परत आला की डबा उघडून बघायचा. डबा भराभर उतरत होता. तो खूश. सुनेला म्हणाला, "बघ, गोडी लागली आयला."

मग एक दिवस तो लवकर परतला. ओट्यावर माझा जुना जोडीदार बसला होता. आम्ही दोघांनी एका तालमीत माती खाल्ली आहे. त्याच्या मिशीला पांढरा फेस. पोराला बघून म्हणाला, "ये रं जवाना! त्ये मिल्ट्रीचं दूध लय झ्याक हाय गड्या. आनखी घोटभर हाय का?"

पोरगा तसाच आत गेला. सून चुलीपुढं मान घालून बसली होती. मी गोठ्याकडं जायला उठलो, पण त्यानं मला उंबऱ्यातच गाठलं.

"आबा, तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

आजाऱ्याला बघायला माणसं येतात. आलेल्याला कोरडं घालवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती अंथरुणावरून सुनेला खुणावायची आणि सून पेला भरून आणायची. पुढं पुढं तर गावात तिची विचारपूस लय वाढली होती. एक म्हातारी आठवड्यात दोनदा आली आणि जाताना म्हणाली, माझ्या गुडघ्याला गुण वाटतोय.

पोरगा तिच्याशेजारी बसला. त्याचा आवाज चढला होता. "आये, मी तुज्यासाठी आनला हुता डबा. गावासाठी न्हवं. तुला जगायचं न्हाई का?"

ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "जगायचं हाय की. पर माज्या घशाखाली जात न्हाई त्ये. आन तू साता समुद्रापल्याडनं आयसाठी काय आनलंस त्ये गावाला कळायला नगं व्हय? डब्यातच ठिवू झाकून?"

तो उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. लढाईतून आलेला माणूस, पाठ हलत होती त्याची. ती म्हणाली, "ये हिकडं. आन त्यो चुना. पिते."

त्यानं हुशारी केली. ती पूड माडग्यातच कालवली. तिनं चाखलं, मला चाखायला लावलं.

"कसं हाय?"

"वंगाळ," मी म्हणालो.

"आता दोनीबी नासलं," ती म्हणाली, आणि तिघंही हसलो. किती दिवसांनी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पोरगा मिरजेला डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर हसला नव्हता. म्हणाला होता, हुलग्यात पण तेच असतं जे डब्यात असतं. डब्यातलं जास्त असतं आणि लवकर लागू पडतं, पण ती पीत नसेल तर डब्याचा काय उपयोग? ती जे मागेल ते पोटभर द्या. मग पोरगा तसाच आटपाडीकडं गेला आणि मामाच्या घरून हुलग्याचं पोतं घेऊन आला. ज्याला बैलाचं खाणं म्हणत होता, ते खांद्यावरून आणलं. सकाळी माडगं, दुपारी उकडलेले हुलगे, संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. ती खाऊ लागली.

गुऱ्हाळ सुरू होतं. एक दिवस पोरगा म्हणाला, वजन बघू. तिला उचलून गुळाच्या काट्याच्या पारड्यात बसवली. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढवल्या.

"गुळाच्या भावानं इकताय व्हय मला?"

"कोन घील गं तुला?" मी म्हणालो.

"तुमी घेतली न्हवं का? आजवर मोडली न्हाई."

गुऱ्हाळ आटोपायच्या वेळी परत बसवली, तर आधीच्या ढेपांना ती उठेना. वर एक फुटकी ढेप ठेवावी लागली, तेव्हा पारडं सरळ झालं. पोरानं टोपी उडवली. मिरजेला जायचं त्या दिवशीच ठरलं.

आणि जायच्या आदल्या दुपारी ती झोपेतच गेली. ऊन होतं तोवर कृष्णेकाठी नेली. तिच्या माहेरची माणसं पोचलीच नाहीत.

घरात चूल पेटायची नव्हती. शेजारच्या वहिनींनी संध्याकाळी भाकरी-पिठलं आणून ठेवलं. सकाळी त्या परत ताजं घेऊन आल्या, तर पाटी तशीच झाकलेली.

"आवं, कालचं तसंच? कुनीच न्हाई खाल्लं?"

मी म्हणालो, "ठिवा तिथं."

पोरगा खांबाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. वहिनी गेल्यावर म्हणाला, "आबा, मी डबा जबरीनं पाजला असता तर? मांस लवकर आलं असतं. पंधरा दिस आदी नेली असती तिला."

मला शहाण्यासारखं बोलता येत नाही. मी म्हणालो, "गाठीनं गेली ती. डब्यानं न्हाई, हुलग्यानं न्हाई, तुज्यानं तर न्हाईच. तिला जे पायजे हुतं ते तू खांद्यावरनं आनलंस. ती खाऊन गेली. उपाशी न्हाई गेली."

मी भाकरी मोडली आणि त्याच्यापुढं केली. त्यानं मान हलवली.

"आदी तुमी," म्हणाला.

मी पहिला घास घेतला. वर पाणी पिऊन उतरवला. मग दुसरा मोडला आणि त्या दाढी वाढलेल्या पोराच्या तोंडात माझ्या हातानं घातला.

"चावून खा," म्हणालो.